पाचशे बाय दीडशेत काय काय मावतं?

मागच्या अंकात ‘डिझाइन शिकायला सुरुवात कशापासून करू’ या प्रश्नाला उत्तर देताना मी सहज लिहून गेले की सिग्नेचर बनवा. म्हणजे ती नावाची छोटी आडवी पट्टी, ऑनलाइन लोक आपल्या लिखाणाखाली लावतात ना ती, त्यात एखादं आवडतं पात्र, मागे रंग-प्रकाशाचा खेळ आणि बाजूला आपलं नाव. त्यावर इतकी पत्रं आली की यावेळचा कॉलम त्यालाच देऊन टाकलाय. सारखे प्रश्न एकत्र केलेत, कुणाचा राहिला असेल तर रागावू नका.

प्रश्न : ताई, मी अकरावीत आहे. गेममधलं कॅरेक्टर आणि नाव टाकून अशा पट्ट्या बनवतो, मित्रांनाही करून देतो. घरी म्हणतात टाइमपास चाललाय. यातून खरंच ग्राफिक डिझाइन येतं का, की मी आपली स्वतःची समजूत घालतोय?

येतं रे, पण सगळं नाही येत, आणि काय येतं न् काय नाही हे माहीत असलं की घरच्यांशी बोलायलाही बरं पडतं. जागा किती, तर ४०० बाय १०० नाहीतर ५०० बाय १५० पिक्सेल, म्हणजे फोनच्या स्क्रीनवर एक चिंचोळी पट्टी. तेवढ्यात चेहरा, नाव, मागचा माहोल सगळं बसवायचं, म्हणजे पहिल्याच दिवशी तुला ठरवावं लागतं की डोळा आधी कुठे जाणार आणि मग कुठे. पोस्टरवर जागा भरपूर असते त्यामुळे तिथे हा निर्णय टाळता येतो, इथे टाळला की लगेच खिचडी दिसते. दुसरं, पट्टी एका संध्याकाळी संपते. मोठं काम हातात घेतलेली मुलं महिनाभर त्याच फाइलमध्ये अडकतात आणि शेवटी सोडून देतात, तू तेवढ्या वेळात दहा गोष्टी पूर्ण करून, लोकांना दाखवून, शिव्या खाऊन मोकळा झालेला असतोस. लेयर (एकावर एक ठेवलेले चित्राचे थर), मास्क (थराचा नको तो भाग न पुसता झाकणं), कटिंग, रंग जुळवणं, उजेडाची दिशा, हे सगळं हाताला आपोआप बसतं.

येत नाही ते म्हणजे मोठा मजकूर मांडणं, ग्रिड (पानाची आखणी ठरवणाऱ्या रेषा), प्रिंटची कामं आणि मुख्य म्हणजे दुसऱ्याच्या गरजेसाठी डिझाइन करणं. मित्रांना करून देतोस म्हणालास ना, तिथूनच ते सुरू कर. आधी विचार, तुला काय हवंय, कुठे लावणार, कोणता रंग अजिबात नको. आणि मग त्याने सांगितलेलंच कर, तुला आवडतं ते नाही. बघ किती जड जातं ते.

प्रश्न : मी रेंडर (म्हणजे बॅकग्राउंड काढलेलं पात्र) व्यवस्थित कापून घेते, मागे ब्रश, इफेक्ट सगळं टाकते, तरी पात्र वरून चिकटवल्यासारखंच दिसतं. सोबत एक पट्टी पाठवतेय. काय चुकतंय?

हा प्रश्न सगळ्यात जास्त जणांचा आहे म्हणून जरा सविस्तर सांगते.

तुम्ही पाठवलेल्या पट्टीत त्या योद्ध्याच्या उजव्या गालावर आणि खांद्यावर पिवळा उजेड पडलाय, आणि मागची निळी चमक येतेय डाव्या वरच्या कोपऱ्यातून. इथेच गडबड झालीय. बघणाऱ्याला कारण सांगता येत नाही पण खटकतं लगेच. सोपा उपाय म्हणजे पात्र आडवं फ्लिप करा, उजेड एका बाजूला आला की निम्मं काम झालं (फक्त छातीवर अक्षरं किंवा चिन्ह असेल तर तेही उलटं होतं, ते बघा). फ्लिप चालत नसेल तर मागची चमक हलवा, ती तशीही तुमच्याच हातची आहे.

मग काळा रंग बघा. तुमच्या योद्ध्याच्या चिलखतातला सावलीचा भाग एकदम शुद्ध काळा आहे, आणि मागच्या चित्रात सगळ्यात गडद जागासुद्धा गडद निळीच आहे. एकाच हवेत उभ्या असलेल्या दोन गोष्टींच्या सावल्या इतक्या वेगळ्या नसतात. पात्रावर कर्व्हज (उजेड-अंधार कमीजास्त करायची रेषा) लावा, क्लिपिंग मास्क करून म्हणजे परिणाम फक्त त्याच्यावरच होईल, आणि रेषेचं डावं खालचं टोक थोडं वर उचला, निळ्या चॅनलमध्ये जरा जास्त. सावल्या निळसर झाल्या की तो माणूस मागे सरकून त्या जागेत जाऊन उभा राहतो, अक्षरशः बघताना मजा येते.

तिसरं म्हणजे कडा. केसांच्या बाजूने एक पांढरट रेघ राहिलीय, ती जुन्या बॅकग्राउंडची आहे. फोटोशॉपमध्ये लेयर मेनूत मॅटिंग आणि त्यात डिफ्रिंज आहे, १ पिक्सेल द्या, नाहीतर मास्क १ पिक्सेल आत घ्या. आणि सगळ्याच कडा सारख्या धारदार ठेवू नका, चेहऱ्याजवळची कड स्वच्छ आणि पाठीकडची, पायाकडची मऊ ब्रशने मास्कमध्ये विरघळवलेली, असं करा. मागच्या इफेक्टचा एखादा तुकडा डुप्लिकेट करून पात्राच्या पुढेही आणा, हातावरून किंवा कमरेवरून जाणारा. मागे काहीतरी, मध्ये माणूस, पुढे काहीतरी, एवढ्याने खोली येते.

शेवटी मागच्या चमकेचाच रंग आयड्रॉपरने उचलून, पात्रावर क्लिप केलेल्या नव्या लेयरवर, स्क्रीन मोडमध्ये (मोड म्हणजे वरची लेयर खालच्यात कशी मिसळायची ते, पुढच्या प्रश्नात सांगतेय), उजेडाच्या बाजूच्या कडेला मऊ ब्रशने एक हलका हात फिरवा. कडेलाच हं, अंगभर नाही. सगळ्याच्या वर एक ग्रेडियंट मॅप (गडद-उजळ भागांना ठरावीक रंग देणारी लेयर) सॉफ्ट लाइट मोडमध्ये १५-२० टक्क्यांवर ठेवला की रंग एकमेकांना धरतात. पण हे शेवटी. बरेच जण हेच आधी करतात आणि मग वाटतं की जमलं, जमलेलं नसतं, नुसतं झाकलेलं असतं.

प्रश्न : स्क्रीन, मल्टिप्लाय, ओव्हरले वगैरे मोड मी एकेक फिरवून बघतो आणि जे बरं दिसेल ते ठेवतो. हे असंच करायचं असतं का?

करतात सगळेच, मीही. पण आत काय चाललंय ते एकदा कळलं की फिरवत बसावं लागत नाही. काळा म्हणजे ० आणि पांढरा म्हणजे १ असं धरा. मल्टिप्लाय वरचा आणि खालचा आकडा गुणतो, ०.५ गुणिले ०.५ म्हणजे ०.२५, म्हणून गडद होतं, आणि पांढऱ्याने म्हणजे १ ने गुणलं की काहीच बदलत नाही म्हणून पांढरा गायब. स्क्रीन तेच उलट्या बाजूने करतो, तिथे ०.५ आणि ०.५ चं ०.७५ होतं आणि काळा गायब. म्हणूनच काळ्या बॅकग्राउंडवरचे ठिणग्या, धूर, लेन्स फ्लेअर, ते थ्रीडी सॉफ्टवेअरमधून काढलेले चकचकीत आकार ज्यांना सगळे सी-फोर-डी म्हणतात, हे कापत बसायची गरजच नसते, स्क्रीनवर टाका, काळं आपोआप जातं. ओव्हरलेमध्ये मधला ५० टक्के राखाडी गायब होतो, बाकी गडद अजून गडद आणि उजळ अजून उजळ. त्यामुळे ५० टक्के राखाडीने भरलेली लेयर ओव्हरलेवर ठेवून त्यावर पांढऱ्या-काळ्या मऊ ब्रशने उजेड-सावली रंगवता येते आणि मूळ चित्राला धक्काही लागत नाही.

प्रश्न : फोटोशॉप घ्यावंच लागेल का?

नाही. गिंप फुकट आहे आणि २०२५ मध्ये आलेल्या ३.० पासून त्यात फिल्टर लावल्यावरही नंतर बदलता येतात, आधी तीच मोठी अडचण होती. हाताने रंगवायची आवड असेल तर क्रिता, तेही फुकट. काहीच इन्स्टॉल करायचं नसेल तर फोटोपिया ब्राउझरमध्ये चालतं, पीएसडी म्हणजे फोटोशॉपची फाइलही उघडतं आणि मेनू बरेचसे फोटोशॉपसारखेच आहेत त्यामुळे ट्यूटोरियल बघून करणाऱ्यांना सोपं जातं. लेयर आणि मास्क समजला की सॉफ्टवेअर बदलणं म्हणजे बटणं शोधण्याचा प्रश्न उरतो.

प्रश्न : एका सरांनी सांगितलं की क्वालिटीसाठी फाइल ३०० डीपीआयवर बनव. बनवली, तरी पट्टी फोनवर धुरकट दिसते आणि लाल नावाभोवती डाग येतात.

डीपीआय म्हणजे छापताना एका इंचात किती ठिपके, स्क्रीनसाठी तो आकडा काहीही करत नाही. ५०० बाय १५० पिक्सेलची फाइल ७२ वर असो की ३०० वर, स्क्रीनला ५०० बाय १५० पिक्सेलच मिळतात. ३०० चा अर्थ छापताना लागतो, तेव्हा तीच पट्टी जेमतेम पावणेदोन इंच रुंद निघेल. फोनवर धुरकट दिसते कारण आजच्या फोनला एका पिक्सेलच्या जागेत दोन-तीन पिक्सेल भरायचे असतात आणि तो ते ताणून भरतो. मूळ काम दुप्पट मापात करा, १००० बाय ३००, जिथे दुप्पट चालते तिथे तीच द्या आणि बाकी ठिकाणी छोटी करून. छोटी केल्यावर एकदा हलकं शार्पन.

डाग हे जेपेगचं काम. जेपेग उजेडाची माहिती नीट ठेवतो आणि रंगाची बऱ्याचदा निम्म्याने कमी करतो, फोटोत ते कळत नाही पण लाल अक्षराच्या कडेला लगेच कळतं. अक्षरं असतील तर पीएनजी. जिफ फक्त हलणाऱ्या पट्टीसाठी, कारण त्यात एका फ्रेमला २५६ च रंग मिळतात आणि तुमचा सुंदर ग्रेडियंट पट्ट्यापट्ट्यांचा होतो.

प्रश्न : नाव मराठीत लिहिलं की फोटोशॉपमध्ये वेलांटी भलतीकडे जाते, जोडाक्षर फुटतं. आणि जमलंच तरी नाव कुठेही ठेवलं तरी उपरंच वाटतं. काका म्हणून हाक मारलीत तरी चालेल, रिटायर झाल्यावर शिकतोय.

काका, पहिल्या भागाला एक सेटिंग पुरे. नव्या फोटोशॉपमध्ये ते इंजिन आधीच असतं, जुनं असेल तर प्रेफरन्सेसमध्ये टाइप, तिथे टेक्स्ट इंजिन वर्ल्ड-रेडी लेआउट करा (अजून जुन्या आवृत्तीत मिडल ईस्टर्न अँड साउथ एशियन असं नाव दिसेल), आणि मग नवी फाइल उघडून टाइप करा. फॉन्ट युनिकोडच हवा, मुक्त, बलू, मोदक हे ‘एक टाइप’ या फॉन्ट बनवणाऱ्या संस्थेचे फॉन्ट गुगल फॉन्ट्सवर मोफत आहेत. गिंपमध्ये हा त्रास मुळातच नाही.

आता उपरेपणाचं. इंग्रजी ट्यूटोरियलमध्ये अक्षरांमधलं अंतर वाढवायला सांगतात, ट्रॅकिंग, स्टायलिश दिसतं म्हणून. देवनागरीत ते केलं की शिरोरेषा तुटते आणि नाव दात पडल्यासारखं दिसतं, तेव्हा ट्रॅकिंग शून्यच ठेवा. वजन आणि आकार बदला. उलट शिरोरेषेचा फायदा घ्या ना, ती एक आयती आडवी रेघ आहे, पात्राच्या खांद्याच्या किंवा तलवारीच्या रेषेला ती जोडून बसवा, नाव लगेच चित्रातलं वाटायला लागेल. नाव चेहऱ्याच्या जवळ ठेवा, कोपऱ्यात ढकलू नका, कोपऱ्यातलं नाव म्हणजे डोळ्याला पट्टीतून बाहेर काढणारा दरवाजा. रंग चित्रातूनच उचला. आणि बेव्हल (अक्षराला उठाव), आउटर ग्लो (भोवती चमक), जाड स्ट्रोक (बाहेरची रेघ) हे तिन्ही एकदम लावायचा मोह होतो बघा, त्यातलं एकही नको. वाचता येत नसेल तर मागचं चित्र तेवढ्या जागी थोडं गडद करा, अक्षराला हात लावू नका.

प्रश्न : ट्यूटोरियल बघून हुबेहूब होतं, पण रिकामी फाइल उघडली की काहीच सुचत नाही.

कारण ट्यूटोरियलमध्ये निर्णय दुसऱ्याने घेतलेले असतात, तुम्ही फक्त बटणं दाबलीत. एक करा, तीच पट्टी पुन्हा बनवा पण पात्र वेगळं घ्या, ज्याचा उजेड दुसऱ्या बाजूने आहे असं. अर्ध्या पायऱ्या चालणारच नाहीत आणि का चालत नाहीत ते शोधताना खरं शिकणं होतं. दुसरं, एक पट्टी पूर्ण काळ्या-पांढऱ्यात करा, इफेक्ट शून्य, फक्त पात्र, तीन राखाडी छटा आणि नाव. ती छोटी करून, डोळे बारीक करून बघितली तरी चेहरा आधी दिसतो का? दिसत असेल तर मग रंग टाका. नसेल तर रंगाने काही वाचणार नाही.

प्रश्न : या पट्ट्या पोर्टफोलिओत टाकू का? सगळे रेंडर नेटवरून घेतलेले आहेत.

सराव म्हणून काहीही वापरलंत तरी कुणी विचारायला येत नाही, पण पोर्टफोलिओ म्हणजे ‘हे माझं काम’ असं तुम्ही जाहीर म्हणताय, आणि ते पात्र कुणीतरी दुसऱ्याने काढलंय, त्याचे हक्क त्याच्याकडे किंवा गेम कंपनीकडे आहेत. नेटवर सापडलं म्हणजे मोफत असं नसतं. सीसी म्हणजे क्रिएटिव्ह कॉमन्स, काढणाऱ्याने दिलेली वापराची परवानगी. सीसी झिरो लिहिलेलं चित्र बिनधास्त वापरा, सीसी बाय असेल तर काढणाऱ्याचं नाव द्यायचं, आणि त्यात एनसी असेल तर पैशाच्या कामाला नाही. त्यापेक्षा तीन पट्ट्या नव्या करा, स्वतः काढलेल्या फोटोंच्या. खिडकीपाशी मित्राला उभं करून फोनवर काढलेला फोटोही चालतो, उलट उजेड कुठून येतोय हे तुम्हाला आधीच माहीत असतं. प्रत्येकीसोबत मूळ फोटो आणि शेवटची पट्टी शेजारी शेजारी ठेवा, खाली दोन ओळी, काय बदललं आणि का. काम देणारा माणूस चकचकीत इफेक्टपेक्षा त्या दोन ओळी आधी वाचतो. आणि लेयर असलेली मूळ फाइल जपून ठेवा, मुलाखतीत उघडून दाखवा म्हणतात, तेव्हा लेयर १, लेयर १ कॉपी, लेयर १ कॉपी २ अशी नावं नकोत.