मालवणला समुद्राजवळ जांभ्याचं, गिलावा केलेलं घर आहे. बाहेरचा रंग दोन पावसाळ्यांत पोपडे धरतो. कोणता रंग लावावा?

रंगाची कंपनी बदलून फारसा फरक पडणार नाही, भिंतीतलं पाणी आधी थांबवा. जांभा सच्छिद्र असतो, ओल शोषून घेतो. ती बाहेर पडताना क्षार वर येतात आणि रंगाला मागून ढकलतात. म्हणून गच्चीच्या कठड्याचा माथा, छज्जे, खिडक्यांच्या कडा आणि गिलाव्याच्या भेगा आधी बुजवा. नवा गिलावा असेल तर किमान 28 दिवस थांबा.

शेवाळ ब्लीचिंग पावडरच्या पाण्याने मारून घासा (त्यात अ‍ॅसिड चुकूनही मिसळू नका, विषारी वायू होतो). लोणा (भिंतीवर आलेले पांढरे क्षार) कोरड्या ब्रशने झाडा. मग सगळी भिंत गोड्या पाण्याने धुवा, खाऱ्या वाऱ्याचं मीठ त्यावर बसलेलं असतंच.

भिंतीला प्लास्टिकचा तुकडा चारही बाजूंनी चिकटवून एक दिवस ठेवा. आत थेंब दिसले तर काम पुढे ढकला. ऑइलपेंट नकोच, ओल कोंडते. बाहेरचा अ‍ॅक्रिलिक प्रायमर आणि शेवाळरोधक अ‍ॅक्रिलिक इमल्शनचे दोन हात पुरेत. बाहेर पुट्टी मी तरी टाळेन. दिवाळीनंतर काम काढा. मे अखेरीस घाईने रंगवू नका, पाऊस तोंडावर असतो, कंत्राटदार काहीही म्हणो.