वाचकांचे प्रश्न : हॉटेलात काम करणाऱ्यांचा थकवा

प्रश्न : मी गोव्यात कांदोळीतील एका मध्यम आकाराच्या हॉटेलात हाऊसकीपिंग सुपरवायझर आहे आणि पेडण्याहून रोज ये-जा करते. ऑक्टोबरमध्ये सीझन सुरू होताना जी मुले-मुली उत्साहाने कामाला लागतात, तीच जानेवारी उजाडेपर्यंत तुसडेपणाने वागू लागतात. पाहुण्यांना तुटक उत्तरे देतात, आपापसांत कुरबुरी करतात आणि काही जण तर न सांगताच काम सोडून जातात. आमचे मॅनेजर म्हणतात की, या पिढीची वृत्तीच चांगली नाही, तेव्हा पुन्हा प्रशिक्षण घ्या. प्रशिक्षण घेऊनही फरक पडलेला नाही. नेमके चुकते कुठे?
– एक वाचक, पेडणे

उत्तर : जी माणसे ऑक्टोबरमध्ये नीट वागत होती, त्यांचा स्वभाव तीन महिन्यांत आपोआप बिघडत नाही. मधल्या काळात त्यांच्या वाट्याला काय आले, ते आधी पाहायला हवे. नाताळ आणि नववर्षाच्या गर्दीत आठवड्याची सुटी रद्द होते आणि ‘नंतर घे’ असे तोंडी सांगितले जाते. ते ‘नंतर’ बहुतेकदा येतच नाही. त्याच दिवसांत गावोगावच्या जत्रा असतात, पौषात बायकांचे धालो, म्हणजे रात्री रंगणारी गाणी आणि नाच असतात. घरची माणसे बोलावत असतात आणि आपल्या मुली मात्र दुसऱ्यांच्या सुटीची व्यवस्था बघत असतात.

कामाचे स्वरूपही लक्षात घ्या. सकाळी पाहुणा खोली सोडतो आणि दुपारी दुसरा हजर होतो. तेवढ्या वेळात जड गादीचा कोपरा एका हाताने उचलून दुसऱ्या हाताने चादर घट्ट खोचायची, न्हाणीघर घासायचे, समुद्रावरून आलेल्यांच्या पायांची वाळू मोरीच्या जाळीतून काढायची आणि हे सारे खोलीमागून खोली करत जायचे. कंबर आणि मनगटे भरून आलेली असतानाच व्हरांड्यात पाहुणा समोर येतो आणि तिथे प्रसन्न चेहऱ्याने ‘गुड मॉर्निंग’ म्हणावेच लागते.

हे प्रसन्न दिसणेही श्रमच आहे. अमेरिकी समाजशास्त्रज्ञ आर्ली हॉकशील्ड यांनी हवाई सेविकांच्या कामाचा अभ्यास करून १९८३ साली ही गोष्ट ठळकपणे मांडली. मनात नसलेला भाव नुसता चेहऱ्यावर आणत राहिल्याने माणूस आतून थकतो, असे हॉटेल आणि रेस्टॉरंटमधील कर्मचाऱ्यांच्या नंतरच्या अभ्यासांतूनही पुढे आले आहे. म्हणूनच दमलेल्या माणसाला हसण्याचे आणखी प्रशिक्षण दिल्याने त्याच्यावरचा भार हलका होण्याऐवजी वाढतो.

जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये स्वीकारलेल्या आजारांच्या वर्गीकरणात ‘बर्नआउट’ची नोंद आहे, पण ती आजार म्हणून नव्हे, तर कामाच्या ठिकाणी दीर्घकाळ साचलेल्या आणि नीट न हाताळल्या गेलेल्या ताणाचा परिणाम म्हणून. त्याची तीन लक्षणे सांगितली आहेत : शक्ती संपून जाणे, कामाविषयी दुरावा किंवा कडवटपणा येणे आणि आपल्या हातून काही धड होत नाही असे वाटणे. तुमचे मॅनेजर ज्याला वृत्ती म्हणतात, ते यातले दुसरे लक्षण असण्याचा संभव मला फार मोठा वाटतो. ताप आलेल्या माणसाला अंग गरम का म्हणून कोणी रागावत नाही.

तुमच्या हातात सर्वांत मोठी गोष्ट आहे ती ड्यूटी रोस्टर, म्हणजे कोणाची पाळी कधी याचे वेळापत्रक. रात्री उशिरा सुटलेल्या मुलीला दुसऱ्या दिवशी सकाळच्या पाळीला बोलावू नका. युरोपीय संघाच्या नियमाप्रमाणे कर्मचाऱ्याला चोवीस तासांत सलग ११ तास विश्रांती मिळायला हवी. आपल्याकडे तो नियम लागू नसला तरी मोजमाप म्हणून तो धरावा आणि येण्याजाण्याचा वेळ त्यात गणू नये. म्हापशाला बस चुकली तर घरी पोचायला किती उशीर होतो, हे तुम्हाला मी सांगायला नको. रोस्टर निदान दोन आठवडे आधी लावा, म्हणजे जत्रेचा एखादा दिवस आपापसांत बदलून घेता येईल. सुटी रद्द करावीच लागली, तर बदली सुटीची तारीख त्याच दिवशी लिहून द्या.

पैशांचा विषयही टाळू नका. ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ४ जुलै २०२२ रोजी हॉटेल-रेस्टॉरंटच्या बिलात सेवाशुल्क आपोआप लावण्यास मनाई केली आणि दिल्ली उच्च न्यायालयाने २८ मार्च २०२५ रोजी ती मनाई योग्य ठरवली. ग्राहकांच्या दृष्टीने हे रास्तच झाले. परंतु जिथे त्या शुल्कातील वाटा कर्मचाऱ्यांच्या हाती पडत होता, तिथे पगार न वाढवता तो बंद झाला असेल, तर नाराजीचे कारण शोधायला दूर जावे लागत नाही. टिप्स एकत्र जमा होत असतील, तर त्यांचा हिशेब सर्वांना दिसेल असा ठेवा. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या वेतन संहितेनुसार जादा वेळेच्या कामाला नेहमीच्या दराच्या किमान दुप्पट मोबदला द्यावा लागतो, हे मॅनेजरना नम्रपणे पण स्पष्ट सांगा.

एक गोष्ट तुम्ही पत्रात लिहिली नाही, तरी मला ती विचारावीशी वाटते. तुमच्या हाताखालच्या मुलींना एकट्याने पाहुण्यांच्या खोलीत जावे लागते. तिथे कोणी गैर बोलले किंवा वागले, तर त्या मुलीने कोणाकडे जायचे? पाहुण्याला देव मानण्याची आपली रीत चांगली आहे, पण त्या रीतीच्या नावाखाली मुलीला गप्प बसवणे हा अन्याय आहे. कामाच्या ठिकाणी होणाऱ्या लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३ च्या कायद्यानुसार दहा किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनेत अशा तक्रारी ऐकणारी अंतर्गत समिती असलीच पाहिजे आणि बाहेरून कामाच्या जागी येणाऱ्या व्यक्तींपासून संरक्षण देणे हीदेखील मालकाचीच जबाबदारी आहे. पाहुणा खोलीत असेल तर दार उघडे ठेवूनच काम करायचे आणि अस्वस्थ वाटले तर काम अर्धवट टाकून बाहेर यायचे, एवढी मुभा प्रत्येकीला आहे, असे तुम्ही स्वतः सर्वांसमोर सांगा. चार महिन्यांच्या प्रशिक्षणाने न येणारा विश्वास अशा एका वाक्याने येतो.

प्रश्न : माझा मुलगा हॉटेल मॅनेजमेंट शिकून पणजीत एका हॉटेलच्या फ्रंट ऑफिसमध्ये (स्वागतकक्षात) कायम रात्रपाळी करतो. पूर्वी बोलका होता. आता घरी आला की झोपतो, जेवत नाही, ‘मला कशाचेच काही वाटत नाही’ म्हणतो. त्याची आई म्हणते, नोकरी सोडून गावी ये. आम्ही काय करावे?
– एक वडील, वाळपई

उत्तर : नोकरीचा निर्णय आज घेऊ नका आणि त्याच्यावर लादूही नका. सतत रात्री जागणाऱ्याची झोप दिवसा उथळ होते, भूक बिघडते आणि मनही मंदावते. त्याच्या झोपण्याच्या वेळी खोली काळोखी ठेवा, पाहुणेरावळे आणि घरची कामे त्या वेळेबाहेर ठेवा आणि पाळी आलटून पालटून मिळेल का, हे त्याला वरिष्ठांना विचारायला सांगा. मात्र ‘कशाचेच काही वाटत नाही’ हे वाक्य केवळ थकव्यावर सोडून देऊ नका. अशी अवस्था दोन आठवड्यांहून अधिक टिकली असेल, तर डॉक्टरांना दाखवायला हवे. केंद्र सरकारची टेली-मानस ही फोनवरून मानसिक आधार देणारी मोफत सेवा १४४१६ या क्रमांकावर अहोरात्र चालू असते, म्हणजे रात्रपाळीच्या मधल्या वेळेतही तो बोलू शकेल. बांबोळीला मानसोपचार संस्थाही आहे आणि ती पणजीहून जवळ आहे. जीव नकोसा झाल्याचे तो कधी बोलला असेल, तर वाट न पाहता त्याच दिवशी त्याला तिथे घेऊन जा. त्याच्याशी बोलताना नोकरीचा विषय बाजूला ठेवा. कालची रात्र कशी गेली, एवढेच विचारा आणि तो गप्प राहिला तरी थोडा वेळ त्याच्याजवळ बसा.