नृत्यशिक्षक पूर्वज कुठे हरवले?

प्रश्न : माझ्या इंग्रज सासऱ्यांचे एक पूर्वज १८४०च्या सुमारास नृत्यशिक्षक होते. १८४१च्या जनगणनेत सापडत नाहीत.

उत्तर : ही मंडळी गावोगाव वर्ग घेत फिरत, म्हणून घरच्या पत्त्यावर अडून बसू नका. जुन्या वृत्तपत्रांत आडनावासोबत ‘प्रोफेसर ऑफ डान्सिंग’, ‘अकॅडमी’, ‘बॉल’ (म्हणजे नाचाचा समारंभ) हे शब्द शोधा. शेजारच्या परगण्यांची वृत्तपत्रेही पाहा. आणखी मागे गेलात, तर १८००पूर्वीच्या छपाईतला लांब ‘एस’ (‘एफ’सारखा दिसणारा जुना ‘एस’) संगणक ‘एफ’ वाचतो, तेव्हा आडनाव तसेही टाकून बघा. जाहिरातीत नाव बहुधा नुसते ‘मिस्टर’ अमुक. त्यामुळे बाप की मुलगा, हा घोळ होतोच! १८४१च्या नोंदीत पंधरावरील वये सहसा पाचच्या पटीत खाली आणलेली असतात. जन्मगाव १८५१च्या जनगणनेत मिळेल. मुलांचे विवाहदाखले मागवाच. जुलै १८३७पासून त्यांत वडिलांचा व्यवसाय असतो.