घरी भरलेल्या जुन्या कॅसेट पुन्हा काढताना

भाऊ, दहावी-बारावीत टेपवर भरलेली तुझी गाणी आता लोकांपुढं पुन्हा काढतोयस, मनापासून आनंद झाला. पण कॅसेट सापडली की लगेच प्ले दाबू नको. आपल्या यवतमाळकडं उन्हाळ्यात पारा ४५ च्या आसपास, अन् पावसाळ्यात पेटीत ओल. फितीच्या कडेला पांढरे ठिपके दिसले तर ती बुरशी. अशी कॅसेट मशीनमध्ये घालूच नको, बाकीच्याही खराब होतील. फितीमागचा फेल्टचा तुकडा गळला असेल तर फीत दुसऱ्या कवचात घाल. मशीनचं हेड, म्हणजे फितीवरचा आवाज वाचणारा भाग, आयसोप्रोपिल अल्कोहोलनं पूस.

मग ॲझिमथ, म्हणजे फितीला हेड किती काटकोनात आहे ते. भरताना घरच्या टेपचं हेड जरा तिरपं असलं, तर दुसऱ्या डेकवर, म्हणजे दुसऱ्या कॅसेट मशीनवर, गाणं गोधडीतून आल्यासारखं दबकं वाजतं. त्या डेकच्या हेडजवळचा स्क्रू कणभर कणभर फिरव, खंजिरीच्या चकत्या लख्ख ऐकू येईपर्यंत. पहिल्या कॅसेटला मी हे केलं नाही. नंतर इक्वलायझरनं कितीही ओढलं तरी ती किणकिण परत आली नाही. मग गाणं कॉम्प्युटरवर घे: २४ बिट, ४८ किलोहर्ट्झ, वाव फाइल. ही मूळ प्रत अजिबात छेडू नको.

खरखर थोडीच काढ. माझ्या एका गाण्यात मधेच लाईन जाते, आवाज चिरका होत होत तुटतो. दुसऱ्यात मागून आजी कंदील मागते. दोन्ही मी तसंच ठेवलं. आजच्या आवाजात ओळी नव्यानं गाऊन चिकटवू नको, जोड लगेच कळतो.

अन् तेव्हा तबल्यावर जो मित्र होता, त्याला आधी ऐकव. त्याचा होकार लेखी घे, नाव छाप.