दिवाळीत मुन्नारची सहल ठरलीय, त्याआधी टॉन्सिल काढून घेऊ का?

लातूरहून निघायला दहाच दिवस उरलेत, तर आत्ता ऑपरेशन नकोच. मोठ्या माणसाला सावरायला 10 ते 14 दिवस लागतात. पाचव्या ते दहाव्या दिवसात खपली सुटते, तेव्हा रक्त येऊ शकतं. ते घाटात झालं तर काय करणार? सध्या डॉक्टरांनी दिलेलं औषध पूर्ण घ्या, मिठाच्या कोमट पाण्याने गुळण्या करा. तोंड उघडेना, लाळही गिळवेना, तर घशात गळू असू शकतं, त्याच दिवशी दाखवा.

ऑपरेशन आल्यावर करा. तेव्हा कडक भाकरी, ठेचा बंद. ज्वारीच्या कण्या मऊ शिजवून, गार करून दुधात खा. कान ठणकला तर घाबरू नका, घशाचीच कळ तिथं जाते. पाणी मात्र दुखलं तरी घोट-घोट पीत राहा, घसा कोरडा पडला की जास्त दुखतो. ताजं रक्त दिसलं, की थेट दवाखाना गाठा.