वाचकांचे प्रश्न : फाईल डिस्कवर नक्की कुठे असते?

प्रश्न : 8 जीबीचा व्हिडिओ एका फोल्डरमधून उचलून दुसऱ्यात टाकला तर क्षणात जातो, डिलीट केला तरी क्षणात होतो, पण तोच पेनड्राइव्हवर घ्यायचा म्हटलं की बसा वाट बघत. फाईल तर एकच आहे, मग असं का?

उत्तर : फाईल एकच आहे हो, पण पहिल्या दोन कामांत व्हिडिओला कुणी हातच लावत नाही, म्हणून ती पटकन होतात.

मुळात डिस्कला फाईल, फोल्डर, नाव यातलं काहीच कळत नाही, तिच्याकडे फक्त नंबर लावलेले सेक्टर म्हणजे छोटे छोटे कप्पे असतात, पूर्वी 512 बाइटचे असायचे आणि आता बऱ्याच डिस्कवर 4096 बाइटचे. त्यावर ऑपरेटिंग सिस्टीम आपले ब्लॉक आखते (विंडोजवाले त्याला क्लस्टर म्हणतात), साधारण 4 केबीचा एक. व्हिडिओचा डेटा या ब्लॉकांत पडलेला असतो. तो कुठल्या कुठल्या ब्लॉकांत आहे, साइज किती, तारीख काय, मालक कोण, परवानग्या काय ही सगळी माहिती वेगळ्याच जागी एका छोट्या नोंदीत असते, लिनक्समध्ये त्या नोंदीला आयनोड म्हणतात. आणि मला सगळ्यात आवडणारी गोष्ट ही की या आयनोडमध्ये फाईलचं नाव नसतंच! नाव असतं फोल्डरमध्ये. फोल्डर म्हणजे तरी काय, एक यादी: 'सहल' या नावापुढे 131090 हा आयनोड नंबर, 'लग्न' या नावापुढे 131094, बस इतकंच. लिनक्स असेल तर एलएस कमांडला मायनस आय लावून बघा, नावाशेजारी हे नंबर दिसतात.

आता तुमचं उत्तर. फाईल हलवली की जुन्या फोल्डरच्या यादीतली ओळ खोडली जाते आणि नव्या फोल्डरच्या यादीत लिहिली जाते, 8 जीबी डेटा जागचा हलत नाही. पेनड्राइव्हवर मात्र वेगळी फाईल सिस्टीम (म्हणजे ब्लॉक आणि नोंदी मांडायची पद्धत) आहे, तिथे या आयनोड नंबराला काही अर्थ नाही, त्यामुळे सगळे ब्लॉक खरोखर वाचून तिकडे लिहावे लागतात. एकाच डिस्कवर सी आणि डी असे दोन ड्राइव्ह केलेले असतील तरी हेच होतं, म्हणून सी वरून डी वर टाकायलाही वेळ लागतो.

डिलीटचं जरा सविस्तर सांगतो, कारण लोकांचं नुकसान इथेच होतं. डिलीट केलं की यादीतलं नाव जातं आणि ते ब्लॉक 'मोकळे' असं लिहिलं जातं. 8 जीबी म्हणजे 4 केबीचे 20,97,152 ब्लॉक, प्रत्येकाचा नंबर वेगळा लिहून ठेवला असता तर तेवढे नंबर वाचत बसण्यातच वेळ गेला असता, आणि लिनक्सच्या ईएक्सटी3 या जुन्या फाईल सिस्टीमवर मोठी फाईल उडवायला खरंच वेळ लागायचा. तिच्यानंतरच्या ईएक्सटी4 मध्ये 'या ब्लॉकपासून सलग इतके' अशी एकच नोंद करतात, तिला एक्स्टेंट म्हणतात, आणि एका एक्स्टेंटमध्ये 128 एमबीपर्यंत बसतं. म्हणजे जागा सलग मिळाली तर तुमचा अख्खा व्हिडिओ 64 नोंदींत आटोपला.

पण ब्लॉकमधला डेटा अजून तिथेच असतो, दुसरं काही त्यावर लिहिलं जाईपर्यंत. म्हणून चुकून काही डिलीट झालं तर त्या डिस्कवर काहीही सेव्ह करू नका, रिकव्हरीचं सॉफ्टवेअरसुद्धा त्याच डिस्कवर इन्स्टॉल करू नका, नाहीतर तेच नेमकं त्या मोकळ्या ब्लॉकांवर जाऊन बसेल. ही आशा हार्ड डिस्कसाठी आहे. एसएसडीला (फिरत्या तबकडीऐवजी चिपवर डेटा ठेवणारी डिस्क) ऑपरेटिंग सिस्टीम 'हे ब्लॉक आता नको' असं ट्रिम कमांडने सांगते आणि मग एसएसडी ते आतून साफ करून टाकते, तिथून परत मिळणं फार कठीण. तिथे बॅकअप हाच खरा उपाय.

प्रश्न : पेनड्राइव्हवर 20 जीबी जागा रिकामी आहे, तरी 5 जीबीची फाईल 'खूप मोठी आहे' म्हणून नाकारतो. पेनड्राइव्ह खराब झालाय का?

उत्तर : नाही, तो एफएटी32 या फाईल सिस्टीममध्ये फॉरमॅट केलेला आहे. त्यात फाईलची साइज लिहायला 32 बिट ठेवलेत, त्यामुळे 4 जीबीला एक बाइट कमी इतकाच आकडा मावतो, जागा कितीही असू दे.

एफएटी हे कुटुंब 1977 पासूनचं आहे आणि त्याची रचना फार साधी आहे. फोल्डरमध्ये फाईलच्या नावापुढे फक्त पहिला क्लस्टर लिहिलेला, समजा 5. मग एफएटी नावाच्या टेबलात (त्यात प्रत्येक क्लस्टरसाठी एक घर असतं) 5 नंबरच्या घरात बघायचं, तिथे लिहिलंय 9, नवव्या घरात 12, बाराव्यात 'संपलं'. एका चिठ्ठीत पुढच्या चिठ्ठीचा पत्ता असावा तसं. डिलीट केलं की नावाचं पहिलं अक्षर बदलतात आणि ही साखळी पुसतात, त्यामुळे विखुरलेली फाईल परत जोडणं अवघड होतं. हा साधेपणाच एफएटी टिकण्याचं कारण आहे, टीव्हीपासून कॅमेऱ्यापर्यंत सगळ्यांना तो वाचता येतो.

तुम्ही पेनड्राइव्ह एक्सएफएटी मध्ये फॉरमॅट करा, 2006 मध्ये आलेला हा प्रकार विंडोज, मॅक, लिनक्स तिन्हीकडे चालतो. फॉरमॅट करायच्या आधी आतला सगळा डेटा दुसरीकडे काढून घ्या.

प्रश्न : प्रॉपर्टीजमध्ये 'साइज' आणि 'साइज ऑन डिस्क' वेगवेगळे का दिसतात? आणि हजारो छोट्या फायली कॉपी व्हायला इतका वेळ का?

उत्तर : ब्लॉक अर्धा देता येत नाही म्हणून. एक बाइटची फाईल केलीत तरी तिला पूर्ण 4096 बाइटचा ब्लॉक लागतो, उरलेली जागा दुसऱ्या कुणाला मिळत नाही. विंडोजच्या एनटीएफएस या फाईल सिस्टीमने इथे छान युक्ती केलीये, तिथे प्रत्येक फाईलची साधारण 1 केबीची नोंद मास्टर फाईल टेबलमध्ये असते आणि फाईल अगदी चिमुकली असेल तर डेटा त्या नोंदीतच बसवून टाकतात, वेगळा क्लस्टर लागतच नाही. नव्या विंडोजमध्ये अशा फाईलची साइज ऑन डिस्क चक्क 0 दिसते.

कॉपीचं म्हणाल तर प्रत्येक फाईलमागे नवी नोंद, फोल्डरमध्ये नवं नाव, ब्लॉक शोधणं हे सगळं आलं, मग ती फाईल 2 केबीची असो की 2 जीबीची. आधी झिप करा आणि मग कॉपी करा, फरक लगेच जाणवेल. सर्व्हरवर तर याच्यामुळे आणखी एक घोटाळा होतो, ईएक्सटी4 मध्ये आयनोडची संख्या फॉरमॅट करतानाच ठरते, साधारण दर 16 केबीमागे एक, आणि चिल्लर फायली लाखोंनी साचल्या की आयनोड संपतात आणि जागा शिल्लक असूनही 'डिस्क फुल' येतं. डीएफ कमांड मायनस आय लावून चालवा, लगेच कळेल.

प्रश्न : एसएसडी डीफ्रॅग करू का?

उत्तर : नको. हार्ड डिस्कमध्ये डेटा वाचणारं हेड इकडून तिकडे फिरतं म्हणून विखुरलेले ब्लॉक सलग लावले (डीफ्रॅग म्हणजे हेच) की वेग वाढतो, एसएसडीत फिरणारं काही नाहीच, उगाच लिहिण्याचा मारा होतो.

प्रश्न : काम चालू असताना लाईट गेली तर डिस्क करप्ट होते का?

उत्तर : पूर्वीपेक्षा खूप कमी. एनटीएफएस, ईएक्सटी4 हे बदल करायच्या आधी 'मी आता हे हे करणार आहे' असं जर्नलमध्ये लिहून ठेवतात, लाईट आली की जर्नल वाचून अर्धवट काम पूर्ण करतात किंवा सोडून देतात. पण हे नीट समजून घ्या, जर्नल सहसा नोंदींचं रक्षण करतं, तुमच्या मजकुराचं नाही. फोल्डर शाबूत राहतील, फाईल उघडेल, पण सेव्ह न केलेला शेवटचा भाग गेलेला असू शकतो. एफएटी32 आणि एक्सएफएटी मध्ये तर जर्नलच नाही, म्हणून पेनड्राइव्ह काढताना आधी इजेक्ट करा, कॉपीची पट्टी पूर्ण झाली तरी काही डेटा अजून कॉम्प्युटरच्या मेमरीतच असू शकतो.