हार्मोन घ्यावेत की पूरक गोळ्या? पाळी जाण्याच्या काळातील तीन प्रश्न

प्रश्न : मी ४६ वर्षांची असून नाशिकच्या एका माध्यमिक शाळेत शिकवते. गेल्या वर्षभरापासून पाळी कधी वीस दिवसांनी तर कधी दोन महिन्यांनी येते आणि आली की अंगावरून फार जाते. वर्गात शिकवताना अचानक छातीपासून चेहऱ्यापर्यंत वाफा येतात, रात्री घामाने कपडे भिजतात आणि पहाटे तीनला जाग आली की पुन्हा डोळा लागत नाही. जाऊबाईंच्या सांगण्यावरून शतावरी चूर्ण घेते, औषधाच्या दुकानातून प्रिमरोज तेलाच्या कॅप्सूल आणि केसांसाठी बायोटिनच्या गोळ्या आणल्या आहेत, शिवाय ड जीवनसत्त्वाची आठवड्याची गोळी दीड वर्षापासून चालू आहे. आता स्त्रीरोगतज्ज्ञ हार्मोनचा विचार करा म्हणतात. माझ्या मावशीला ६८व्या वर्षी स्तनाचा कर्करोग झाला होता, त्यामुळे घरी सर्वांचा विरोध आहे. मी काय करावे?

उत्तर : तुमच्या पत्रातील वाफा आणि झोप यांच्याआधी मला जास्त रक्तस्रावाविषयी बोलायचे आहे, कारण तो भाग तुम्ही एका ओळीत उरकला आहे आणि उपायांच्या यादीत त्यासाठी काहीच नाही. या काळात अंडाशयांतून बीज दर महिन्याला सुटतेच असे नाही. ज्या महिन्यात ते सुटत नाही त्या महिन्यात प्रोजेस्टेरॉन हे हार्मोन तयार होत नाही, इस्ट्रोजेन या दुसऱ्या हार्मोनच्या प्रभावाखाली गर्भाशयाचे अस्तर वाढत राहते आणि मग उशिरा आलेल्या पाळीत ते एकदम सुटते. बहुतेक वेळा कारण एवढेच असते. परंतु वयाच्या ४५ वर्षांनंतर जास्त रक्तस्राव होत असेल तर सोनोग्राफी, आणि आवश्यक वाटल्यास अस्तराची बायॉप्सी केल्याशिवाय ‘वयामुळे होते’ असे म्हणून सोडून देऊ नये. सोबत हिमोग्लोबिन, फेरिटिन (शरीरातील लोहाचा साठा) आणि थायरॉईडची तपासणी करून घ्या. थकवा, धडधड आणि केस गळणे या तिन्ही तक्रारी शरीरातील लोह कमी झाल्यानेही होतात, आणि तसे असेल तर केसांना बायोटिनची नव्हे, लोहाची गरज आहे. शिवाय बायोटिनच्या मोठ्या मात्रेमुळे थायरॉईडच्या रक्तचाचणीचा निकाल चुकीचा येऊ शकतो, म्हणून तपासणीच्या काही दिवस आधी ती गोळी बंद करा आणि प्रयोगशाळेला तसे सांगा. एफएसएच हे हार्मोन मोजण्याची मात्र तुम्हाला गरज नाही. ते या काळात दिवसागणिक वरखाली होते, आणि ४५ वर्षांपुढील स्त्रीला अशा तक्रारी असतील तर पाळी जाण्याच्या काळाचे निदान तेवढ्यावरच करता येते.

आता पूरक गोळ्यांकडे येऊ. मेंदूतील तापमान राखणारे केंद्र इस्ट्रोजेनच्या चढउतारामुळे अतिसंवेदनशील होते, शरीराचे तापमान किंचित वाढले तरी ते घाम आणि वाफा सुरू करते. या तक्रारीचा एक स्वभाव लक्षात घेण्यासारखा आहे : शास्त्रीय चाचण्यांमध्ये औषधाचा अंशही नसलेली गोळी घेणाऱ्या स्त्रियांच्या वाफासुद्धा सरासरी निम्म्याहून अधिक कमी झालेल्या आढळल्या आहेत. म्हणूनच ‘मला या कॅप्सूलने फरक पडला’ हे मैत्रिणीचे म्हणणे खोटे नसते, तरीही त्यावरून कॅप्सूलचा गुण सिद्ध होत नाही. प्रिमरोज तेल अशा तुलनेत टिकलेले नाही. ते बंद केल्याने तुमचे काही बिघडणार नाही. सोयाबीनमधील आयसोफ्लेवोन्सनी काही स्त्रियांना थोडा उतार पडतो, पण अभ्यासांचे निष्कर्ष एकसारखे नाहीत. आहारात सोयाबीन असायला काही हरकत नाही. ब्लॅक कोहोश या वनस्पतीच्या गोळ्या हल्ली इथेही मिळू लागल्या आहेत. त्यांच्या उपयोगाचा पुरावा डळमळीत असून यकृताला इजा झाल्याच्या, विरळ का होईना, नोंदी आहेत. तशाच नोंदी अश्वगंधेबाबतही आहेत. शतावरीचा पाळी जाण्याच्या काळातील तक्रारींसाठी झालेला अभ्यास अजून छोट्या गटांपुरताच आहे. ती घ्यायचीच असेल तर निर्मात्याचे नाव आणि परवाना क्रमांक असलेल्या बंद डब्यातील घ्या, कारण सुट्या चूर्णांमध्ये शिसे आणि पारा आढळल्याची उदाहरणे आहेत.

ड जीवनसत्त्वाबद्दल मला अधिक काळजी वाटते. ६०,००० युनिटची आठवड्याची गोळी कमतरता भरून काढण्यासाठी साधारण आठ आठवडे दिली जाते आणि त्यानंतर तिची मात्रा कमी करतात. ती चिठ्ठीशिवाय सहज मिळते म्हणून वर्षानुवर्षे घेणाऱ्या कितीतरी स्त्रिया भेटतात. हे जीवनसत्त्व चरबीत साठते. ते अति झाले की रक्तातील कॅल्शियम वाढून मळमळ, बद्धकोष्ठ, मूत्रपिंडावर ताण असे दुष्परिणाम होतात. ही गोळी आजपासून थांबवा आणि रक्तातील ड जीवनसत्त्व व कॅल्शियम तपासा. हाडांसाठी दिवसाला सुमारे १,००० ते १,२०० मिलिग्रॅम कॅल्शियम हवे. शंभर ग्रॅम नाचणीत ते साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास असते. दूध, दही, तीळ आणि नाचणी रोजच्या जेवणात असतील तर गोळीची गरज पुष्कळ कमी होते.

हार्मोनच्या भीतीचे मूळ २००२ मध्ये आहे. अमेरिकेतील ‘विमेन्स हेल्थ इनिशिएटिव्ह’ या मोठ्या अभ्यासातील इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टिन (प्रोजेस्टेरॉनसारखे काम करणारे औषध) एकत्र देण्याचा भाग त्या वर्षीच्या जुलैमध्ये वेळेआधी थांबवण्यात आला आणि जगभर लाखो स्त्रियांनी औषध सोडले. त्या भागात १६ हजारांहून अधिक स्त्रिया होत्या. त्यांचे सरासरी वय ६३ होते, म्हणजे बहुतेकींची पाळी जाऊन दहा-बारा वर्षे लोटली होती. त्यांना घोडीच्या मूत्रापासून मिळवलेले इस्ट्रोजेन आणि मेड्रॉक्सिप्रोजेस्टेरॉन हे कृत्रिम प्रोजेस्टिन तोंडावाटे दिले जात होते. स्तनाच्या कर्करोगात दिसलेली वाढ अशी होती : दर वर्षी दर १०,००० स्त्रियांमागे सुमारे ८ रुग्ण अधिक. ही वाढ खरी आहे, औषध जितकी वर्षे घ्यावे तितकी ती वाढते, आणि कोणत्याही डॉक्टरने ती लपवू नये. परंतु याच संशोधनाच्या दुसऱ्या भागात, गर्भाशय काढलेल्या ज्या स्त्रियांना केवळ इस्ट्रोजेन दिले होते त्यांच्यात हा कर्करोग वाढला नाही, ही गोष्ट मात्र तितक्या मोठ्या अक्षरांत कुठे छापून आली नाही. त्यानंतरच्या दोन दशकांत झालेल्या फेरविचारातून आज असे मानले जाते की साठ वर्षांच्या आतील, किंवा पाळी जाऊन दहा वर्षे झालेली नाहीत अशा, अन्यथा निरोगी आणि वाफांनी त्रस्त असलेल्या स्त्रीसाठी हार्मोनचे लाभ धोक्यांपेक्षा सहसा जास्त असतात. वाफांवर याइतका परिणामकारक दुसरा उपाय आजही नाही. वर सांगितलेल्या बिनऔषधी गोळीच्या तुलनेत हार्मोनने त्यांची संख्या साधारण तीन चतुर्थांशाने कमी होते.

तुमच्या मावशीचा आजार हा तुम्हाला हार्मोन नाकारण्याचे कारण ठरत नाही. एकाच, तेही मावशीसारख्या नातेवाइकाला उतारवयात झालेल्या कर्करोगाने तुमचा धोका फारसा बदलत नाही. आई किंवा बहिणीला, किंवा घराण्यात अनेकींना तरुणपणी स्तनाचा अथवा अंडाशयाचा कर्करोग झाला असता तर मी आधी तुम्हाला आनुवंशिक सल्ल्यासाठी पाठवले असते. ज्यांना स्वतःला स्तनाचा कर्करोग झालेला आहे, ज्यांच्या पायात वा फुप्फुसात पूर्वी रक्ताची गाठ झाली आहे, हृदयविकाराचा झटका किंवा पक्षाघात येऊन गेला आहे, यकृताचा आजार सक्रिय आहे किंवा रक्तस्रावाचे कारण अजून कळलेले नाही, त्यांना हे उपचार देत नाहीत. शेवटची अट सध्या तुम्हालाही लागू आहे, म्हणून आधी तपासणी आणि मगच हार्मोन.

तपासणीत काही वावगे आढळले नाही तर माझा कल असा राहील : त्वचेवर लावण्याचे इस्ट्रोजेनचे जेल आणि गर्भाशयात बसवण्याची, लेव्होनॉर्जेस्ट्रेल हे प्रोजेस्टिन असलेली तांबी. त्वचेतून दिलेले इस्ट्रोजेन थेट यकृतात जात नसल्यामुळे रक्तात गाठ होण्याचा जो धोका तोंडाने घेतलेल्या गोळीत वाढतो, तो यात वाढलेला दिसत नाही. गर्भाशय शाबूत असताना इस्ट्रोजेन एकटे कधीही घेऊ नये, कारण त्याने अस्तर वाढून गर्भाशयाच्या कर्करोगाचा धोका निर्माण होतो. ही तांबी अस्तराला ते संरक्षण देते, शिवाय रक्तस्राव कमी करते आणि गर्भनिरोधनही करते. नेहमीच्या हार्मोन उपचाराने गर्भधारणा टळत नाही आणि ४६व्या वर्षी ती अजून शक्य आहे, हे पुष्कळ दाम्पत्ये विसरतात. तांबी नको असेल तर रात्री झोपताना घ्यायची मायक्रोनाइज्ड प्रोजेस्टेरॉनची कॅप्सूल हा पर्याय आहे. तिने गुंगी येते, जी तुमच्या पहाटे तीनला जाग येण्याच्या तक्रारीवर कदाचित उपयोगीच पडेल. दर वर्षी रक्तदाब आणि स्तनांची तपासणी करून औषध चालू ठेवायचे की कमी करायचे हे ठरवावे.

इतके समजून घेतल्यावरही हार्मोन नकोच असे तुम्ही ठरवलेत, तर तो तुमचा अधिकार आहे आणि तुम्ही उपायांवाचून राहणार नाही. व्हेन्लाफॅक्सिन किंवा गॅबापेंटिन या हार्मोन नसलेल्या औषधांची कमी मात्रा वाफांवर उपयोगी पडते. वाफा आणि निद्रानाश यांच्याशी जुळवून घेण्यासाठी बोधनात्मक वर्तनोपचाराचाही (विचार आणि सवयी बदलायला शिकवणाऱ्या मानसोपचाराचा) चांगला फायदा होतो. निर्णय मात्र घरच्यांच्या भीतीवर सोपवू नका. यजमानांना पुढच्या भेटीला डॉक्टरांकडे सोबत न्या.

प्रश्न : मी लातूर जिल्ह्यातील असून माझे वय ३८ आहे. तीन वर्षांपूर्वी अंगावर पांढरे जाण्याच्या तक्रारीसाठी पिशवी आणि दोन्ही अंडाशये काढली. तेव्हापासून वाफा, सांधेदुखी आणि योनीमार्गात कोरडेपणा आहे. डॉक्टरांनी फक्त कॅल्शियम दिले आहे. मला आणखी काही घ्यायला हवे का?

उत्तर : होय, आणि लवकर. तुमची रजोनिवृत्ती वयाने नव्हे तर शस्त्रक्रियेने, एका दिवसात आली आहे. भारतीय स्त्रीची पाळी सरासरी ४६-४७व्या वर्षी जाते. त्याआधी इतकी वर्षे शरीर इस्ट्रोजेनशिवाय राहिले तर हाडे ठिसूळ होतात आणि हृदयविकाराचा धोका वाढतो. म्हणून वर सांगितलेल्या मनाईच्या कारणांपैकी काही नसेल, तर तुमच्यासारख्या स्त्रियांना इस्ट्रोजेन नुसत्या तक्रारींसाठी नव्हे, तर किमान नैसर्गिक रजोनिवृत्तीच्या वयापर्यंत भरपाई म्हणून द्यावे असे वैद्यकीय मार्गदर्शन आहे. २००२च्या अभ्यासातील आकडे पन्नाशीपुढच्या स्त्रियांचे होते, ते तुम्हाला लावू नयेत. गर्भाशय नसल्यामुळे तुम्हाला सहसा प्रोजेस्टेरॉनचीही गरज नाही. कोरडेपणासाठी योनीमार्गात लावायचे इस्ट्रोजेनचे मलम वेगळे मिळते. ते रक्तात अत्यल्प जाते आणि दीर्घकाळ वापरता येते. कॅल्शियमने यांतील कोणतीही गोष्ट भरून निघत नाही. हाडांची घनता मोजणारी डेक्सा तपासणी एकदा करून घ्या.

पांढरे जाणे हे अंडाशये काढण्याचे कारण नाही, हे लिहिताना मला वाईट वाटते. बीड जिल्ह्यातील ऊसतोड कामगार स्त्रियांच्या २०१९ मधील सरकारी सर्वेक्षणात १३ हजारांहून अधिक जणींची पिशवी काढलेली आढळली आणि त्यांतील कित्येक तरुण होत्या. त्यांच्यापैकी ज्यांची अंडाशयेही गेली, त्यांना पुढच्या उपचारांबद्दल कोणी सांगितले असेल का, हा प्रश्न मला सतत छळतो. तुमच्या ओळखीत अशी कोणी असेल तर हे उत्तर तिला जरूर वाचून दाखवा. आणि शस्त्रक्रियेचा कागद शोधा : अंडाशये खरोखर काढली आहेत की ठेवली आहेत हे त्यावर लिहिलेले असते, आणि उपचार त्यावरच ठरतात.

प्रश्न : वय ४७, पुणे. पाळी अनियमित झाली आहे. दर वर्षी गौरी-गणपतीसाठी मी पाळी पुढे ढकलण्याच्या गोळ्या घेते. यंदा घेतल्या तर चालतील का? आणि त्याच पुढे चालू ठेवल्या तर हार्मोन उपचार होईल का?

उत्तर : दोन्ही प्रश्नांचे उत्तर नाही असेच आहे. नॉरएथिस्टेरॉनची ही गोळी पाळीच्या अपेक्षित तारखेच्या तीन दिवस आधी सुरू करावी लागते आणि तुमची तारीख आता ठरलेली नाही, त्यामुळे तिचा उपयोग होईलच असे नाही. त्या मात्रेत तिचा काही अंश शरीरात इस्ट्रोजेनमध्ये बदलतो आणि रक्तात गाठ होण्याचा धोका थोडा वाढतो. वजन जास्त असेल, पूर्वी गाठ झालेली असेल किंवा डोळ्यांसमोर लकाकी येऊन अर्धशिशी होत असेल तर ती घेऊच नये. वाफांवरचा उपचार म्हणून तर ही गोळी मनाने चालू ठेवू नये. पूर्वी घेतलेल्या गोळ्यांनंतर रक्तस्राव दहा दिवसांहून अधिक चालला असेल, तर सणाची वाट न पाहता या महिन्यातच सोनोग्राफी करून घ्या.